न लढता जिंकायचं कसं? गॉड गेममधल्या शांत डावाचं गणित

गॉड गेममध्ये, म्हणजे खेळाडू देव होऊन वस्ती सांभाळतो अशा व्हिडिओ गेममध्ये, त्याच्या हाती वीज असते, भूकंप असतो, वेळ पडली तर ज्वालामुखीही असतो. एवढं सगळं हाताशी असताना शत्रूच्या गावावर एकदाही चाल न करता जिंकायचं, हा हट्ट कुणी का धरावा? कारण या प्रकारातल्या काही गाजलेल्या गेमनी ती वाट मुद्दाम मोकळी ठेवली आहे, आणि ती लढाईपेक्षा जास्त डोकं खाते. सैन्य घेऊन गेलात आणि चुकलात, तर ते लगेच कळतं, माणसं डोळ्यांदेखत पडतात. शांत डावात चूक बऱ्याच आधी झालेली असते आणि तिचा हिशेब आत्ता पुढ्यात येतो. कोठार रिकामं दिसतं तोवर शेतावरचे हात कमी पडायला लागून खूप वेळ झालेला असतो.

शांत खेळणं म्हणजे शहर सजवत बसायचं आणि शत्रू आला की देवाचं नाव घ्यायचं, असा एक समज आहे. (इथे देव आपणच, त्यामुळे नाव तरी कुणाचं घेणार!) प्रत्यक्षात शांत डावात दोन घड्याळं एकाच वेळी चालू असतात. आपलं शहर किती वेगाने वाढतंय, हे एक. आणि शत्रूची पुढची तुकडी किती वेळात वेशीवर येणार, हे दुसरं. संरक्षणाचं काम शत्रूला मारणं हे नाहीच. दुसरं घड्याळ लांबवून पहिल्याला पुरेसा वेळ मिळवून देणं, एवढंच त्याचं काम. ही गोष्ट पटली की तट कुठे घालायचा, सैनिक किती ठेवायचे, चमत्कार कधी करायचा हे प्रश्न निम्मे सुटतात.

देव असूनही हुकूम चालत नाही

गॉड गेम आणि साधा स्ट्रॅटेजी गेम यांतला फरक आधी बघू. साध्या स्ट्रॅटेजी गेममध्ये सैनिकावर क्लिक केलं, जागा दाखवली की तो तिकडे जातो. गॉड गेममध्ये माणसं स्वतःच्या मर्जीने जगतात. आपण फक्त परिस्थिती बदलायची.

या प्रकाराची सुरुवात बहुतेक जण १९८९ च्या 'पॉप्युलस'पासून धरतात. ब्रिटनमधल्या बुलफ्रॉग या कंपनीने तो बनवला आणि पीटर मॉलिन्यू हे नाव त्यातून जगभर पोहोचलं. पॉप्युलसमध्ये मुख्य काम काय, तर जमीन वरखाली करणं. आपल्या माणसांना 'घर बांधा' असं सांगता येत नाही. पण सपाट जमीन मिळाली की ती आपणहून घर बांधतात. घराभोवती जितकी जास्त सपाट जागा, तितकं घर मोठं होतं. छोट्या झोपडीपासून थेट किल्ल्यापर्यंत. मोठ्या घरातून बाहेर पडणारा माणूस जास्त दणकट असतो, आणि वस्ती वाढली की देवाची शक्तीही वाढते. ती शक्ती वापरून आणखी जमीन सपाट करायची.

म्हणजे एका शेतकऱ्याएवढं साधं काम, जमीन सारखी करणं, हेच खरं शस्त्र. ज्याने पहिल्या काही मिनिटांत शत्रूच्या गावात भूकंप केला, त्याने ती शक्ती खर्च केली. ज्याने तेवढ्याच शक्तीत चार किल्ल्यांची जागा सपाट केली, त्याच्याकडे थोड्या वेळाने दोन भूकंपांएवढी शक्ती असते, आणि ती त्याने वापरलीच पाहिजे असंही नाही.

पॉप्युलसमधला बचावही जमिनीचाच. शत्रूच्या आणि आपल्या वस्तीमधली जमिनीची पट्टी खाली दाबली की तिथे पाणी येतं. बेट वेगळं झालं की शत्रूची माणसं चालत येऊ शकत नाहीत. एकही माणूस न गमावता मिळालेला हा वेळ. अर्थात पलीकडचा देवही जमीन वर उचलू शकतो, त्यामुळे हा खंदक एकदा खणून विसरण्यासारखा नाही. त्याच्याकडे अधूनमधून बघावं लागतं.

सैन्याची खरी किंमत

आता थोडं गणित, पण शाळेतल्या चक्रवाढीपलीकडचं काही नाही.

समजा, एका शहरात १०० माणसं आहेत. काम करणाऱ्या दर १० माणसांच्या कष्टातून प्रत्येक फेरीत एका नव्या माणसाची सोय होते, आणि ते नवं माणूसही कामाला लागतं. पहिल्या खेळाडूने ३० जणांचं सैन्य उभं केलं. त्याच्याकडे कामाला ७० उरले. दुसऱ्याने फक्त १० जण तटावर ठेवले, कामाला ९०. सुरुवातीला फरक २० माणसांचा, काही फार नाही. दहा फेऱ्यांनंतर पहिल्याचे कामकरी सुमारे १८२ होतात, दुसऱ्याचे २३३. वीस फेऱ्यांनंतर पहिल्याचे ४७१, दुसऱ्याचे ६०५. वीसचा फरक १३४ वर गेला. आता दुसऱ्याने ठरवलं तर तो पहिल्याच्या चौपट सैन्य एका झटक्यात उभं करू शकतो आणि तरीही त्याच्याकडे कामाला जास्तच माणसं उरतात.

गेममधले आकडे अर्थातच वेगळे असतात, वाढ अशी अखंड चालत नाही, जागा संपते, लाकूड संपतं. पण ओघ हाच. सैनिकाची किंमत म्हणजे त्याची तलवार आणि जेवण एवढीच नाही. तो शेतावर असता तर जे पिकलं असतं, आणि त्या पिकावर जी पुढची माणसं वाढली असती, ती सगळी त्या किमतीत धरायची. म्हणून शांत डावात सुरुवातीचा सैनिक सगळ्यात महाग आणि शेवटचा सगळ्यात स्वस्त. बहुतेक नवखे खेळाडू नेमकं उलट करतात. भीतीपोटी आधी पलटण उभी करतात, मग घरं बांधतात.

याला एक ठळक अपवाद आहे. पहिला हल्ला जर वाढ सुरू होण्याआधीच येणार असेल, तर हे सगळं गणित कागदावरच राहतं. त्यामुळे नव्या लेव्हलमध्ये आल्यावर सगळ्यात आधी नकाशा फिरवून शत्रूचं गाव किती लांब आहे, वाट कशी आहे, ते बघायचं. लांब असेल तर बिनधास्त शेतं. जवळ असेल तर आधी वेस बंद.

आधी पोटोबा, मग विठोबा

ही म्हण २००१ च्या 'ब्लॅक अँड व्हाइट'ला जितकी चपखल बसते तितकी दुसऱ्या कुठल्या गेमला बसत नसेल. मॉलिन्यू यांच्याच लायनहेड स्टुडिओचा हा गेम. कर्सर म्हणजे देवाचा हात. त्या हाताने झाड उपटता येतं, माणूस उचलता येतो, दगड भिरकावता येतो. आणि चमत्कार करायला जी शक्ती लागते ती येते गावकऱ्यांच्या प्रार्थनेतून.

किती टक्के गावकऱ्यांनी पूजेला जायचं, ते गावातला खांब वर उचलून ठरवता येतं. मोह असा होतो की खांब उंच उचलावा आणि शक्तीचा साठा करावा. पण देवळाशी नाचणारा माणूस शेतात नसतो. वर त्याला तिथेच भूक लागते, दमही लागतो. अन्न पोहोचलं नाही तर तो नाचता नाचताच मरतो. म्हणजे पूजेला नेलेला माणूस दुहेरी महाग, तो पिकवत नाही आणि खातो. इथेही हिशेब सैनिकासारखाच. प्रार्थना हा एक प्रकारचा कर आहे, आणि गरीब गावावर कर लादला तर आज पेटी भरते, उद्या गाव ओस पडतं.

याच गेममध्ये बचावासाठी ढालीचे चमत्कार आहेत. एक ढाल फेकलेल्या वस्तू अडवते, दुसरी जादू अडवते. दिसायला सुंदर, वापरायला सोप्या. पण ढाल उभी असेपर्यंत ती प्रार्थनेची शक्ती पीत राहते. दगडी भिंतीला एकदाच किंमत मोजावी लागते, ढाल म्हणजे भाड्याचं घर. शत्रू समोर येऊन आगीचे गोळे टाकतोय त्या दोन मिनिटांसाठी भाडं परवडतं. भीती वाटते म्हणून दिवसभर ढाल लावून ठेवली, तर गावातले निम्मे लोक फक्त ढाल पोसण्यासाठी नाचत असतात.

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये परकं गाव जिंकायची शांत पद्धत म्हणजे त्या गावाचा विश्वास मिळवणं. त्यांच्या कोठारात धान्य टाका, कोरड्या शेतावर पाऊस पाडा, त्यांना लाकूड द्या. विश्वास पुरेसा झाला की गाव आपलं. यात एक गंमत दडलेली आहे, जी बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येते. तीच युक्ती पुन्हा पुन्हा केली तर लोक कंटाळतात. पहिल्यांदा आकाशातून धान्य पडलं तेव्हा तोंडात बोट घालणारे गावकरी पाचव्यांदा वर बघतही नाहीत. म्हणून शांत खेळाडूच्या भात्यात चार मोठे चमत्कार असण्यापेक्षा आठ वेगवेगळे छोटे असलेले बरे. कधी पाऊस, कधी लाकूड, कधी नुसताच लांबून भिरकावलेला दगड, गावापलीकडे पडणारा. शेवटचं हे जरा दमदाटीच्या अंगाने जातं, पण माणूस मरत नाही.

शहर हेच शस्त्र

२००५ मध्ये 'ब्लॅक अँड व्हाइट २' आला आणि त्यात शांत डावाला स्वतःचं वेगळं मोजमाप मिळालं. गोष्टीची सुरुवात युद्धानेच होते. ॲझ्टेक लोक ग्रीकांचं शहर उद्ध्वस्त करतात, उरलेल्या मूठभर ग्रीकांच्या प्रार्थनेतून आपण, म्हणजे त्यांचा देव, प्रकट होतो. पुढे नॉर्स आणि जपानी लोकही भेटतात. प्रत्येक नकाशावर दोन वाटा. सैन्य पाठवून गावं काबीज करा, नाहीतर आपलं शहर इतकं देखणं आणि सुखी करा, की शत्रूची माणसं घरदार सोडून आपल्याकडे राहायला येतील.

शहराची छाप इथे अंकांत मोजली जाते. ती विशिष्ट पातळीवर गेली की समोरच्या गावातले लोक रांगेने निघतात आणि चालत आपल्या वेशीशी येतात. छोटी, कमी तटबंदीची गावं लवकर येतात, राजधानी सगळ्यात शेवटी. गाव मोकळं झालं की शत्रूचं बळही तेवढंच कमी. म्हणजे ज्या शहरासाठी आपण वेळ मागत होतो, तेच शहर पुढे शत्रूचं घड्याळ संथ करायला लागतं. शांत डाव जिथे खऱ्या अर्थाने वळतो तो क्षण हा. पहिलं गाव येईपर्यंत जीव मुठीत, ते आलं की श्वास घेता येतो, तिसरं आल्यावर हल्ल्यांची भीती उरत नाही.

छाप वाढवायची कशी? घरं, बागा, कारंजी, देवळं, पुतळे, विद्यापीठ या साऱ्याचा त्यात वाटा. नवी इमारत खुली करायला 'ट्रिब्यूट' खर्चावं लागतं, ते छोटीमोठी कामं आणि उद्दिष्टं पूर्ण करून मिळतं. इथे माझं मत असं, की ट्रिब्यूट आल्या आल्या सगळ्यात भव्य इमारतीवर उधळू नये. लोकांची रोजची गरज भागवणाऱ्या इमारती आधी, पुतळे नंतर. गावकरी समाधानी नसतील तर ते वाढत नाहीत, आणि ते वाढले नाहीत तर पुतळ्याला लागणारं खनिज खणायला हात कुठून आणणार?

रस्त्यांची एक बारीक गोष्ट सांगतो. या गेममध्ये रस्ते चौकटीला बांधलेले नाहीत, हवे तसे वळवून काढता येतात. त्यामुळे सुंदर, नागमोडी शहराचा मोह होतो. पण जो लाकूडतोड्या जंगलापासून कोठारापर्यंत रोज लांबच्या वळणाने चालतो, तो निम्मं आयुष्य चालण्यात घालवतो. कोठार जिथे आहे तिथून शेत, जंगल आणि खाण या तीन ठिकाणी जाणाऱ्या वाटा सरळ ठेवायच्या आणि वळणांची हौस बागांच्या भागात भागवायची. कोठारही शहराच्या आत, वेशीपासून लांब. ते पडलं तर बाकी तट शाबूत असून उपयोग नाही.

जाता जाता एक तक्रार नोंदवतो. या दुसऱ्या भागात शांत वाट आणि लढाईची वाट यांतला समतोल मला तरी जमलेला वाटत नाही. शत्रू फार हुशारीने येत नाही, त्यामुळे एकदा तट नीट बांधला की मधले टप्पे रेंगाळतात. शहर बांधण्याची आवड असेल तर ते रेंगाळणंच आनंदाचं. नसेल तर कंटाळा ठरलेला.

तटाचं अंकगणित

ब्लॅक अँड व्हाइट २ मध्ये तट माउसने ओढून हवा तसा घालता येतो. हातात एवढं स्वातंत्र्य आलं की बहुतेक जण शहराच्या कडेकडेने, प्रत्येक घराला कवेत घेत, वेडावाकडा तट घालतात. तिथे खनिज वाया जातं.

एक चौकोनी वस्ती घ्या, १० बाय १०. क्षेत्रफळ १००, तटाची लांबी ४०. तेवढंच क्षेत्रफळ ५ बाय २० अशा लांबट वस्तीत बसवलं तर तट ५० लागतो. एक चतुर्थांश जास्त खनिज, आणि राखायची लांबीही जास्त. आता चौकोन दुप्पट करा, २० बाय २०. तट ८० झाला, म्हणजे दुप्पटच. आतली जागा मात्र ४००, म्हणजे चौपट. यातून दोन गोष्टी निघतात. वस्ती शक्यतो गोल किंवा चौकोनी, एकवटलेली ठेवायची. आणि तट सुरुवातीला अगदी तंग घालायचा नाही. आज रिकामी वाटणारी जागा उद्या भरणार आहे. तंग तट घातला तर पुढे तो पाडून नवा घालावा लागतो, आणि नेमका त्या मधल्या काळात शत्रू येतो.

त्याहून स्वस्त तट म्हणजे जो निसर्गाने आधीच बांधून ठेवलाय. मागे समुद्र, बाजूला सरळ कडा आणि पुढे एकच खिंड, अशी जागा मिळाली तर चारऐवजी एकाच बाजूला भिंत लागते. शहराची पहिली इमारत ठेवण्याआधी एवढं बघितलं तरी पुढची कितीतरी कामं वाचतात.

तट पूर्ण बंद करू नका, हे मुद्दाम सांगायला हवं. एक तर आपली माणसं जंगलात आणि खाणीवर जाणार कशी? दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. संगणकाने चालवलेला शत्रू सहसा जवळची आणि मोकळी वाट शोधतो. एक दरवाजा ठळकपणे एका बाजूला असला की तो कुठे येणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. मग तिथल्या तटावर तिरंदाज उभे करता येतात आणि सगळी ताकद एका जागी लावता येते. चारही बाजूंनी सारखा तट असेल तर चारही बाजूंना सारखी चिंता. दरवाजा म्हणजे कमकुवत जागा खरी, पण ती आपण निवडलेली कमकुवत जागा आहे.

धान्याची शेतं तटाबाहेर राहिली तरी चालतात. त्यांना खूप जागा लागते आणि त्यांच्यासाठी तट वाढवणं परवडत नाही. फक्त ती शत्रूच्या वाटेच्या उलट बाजूला हवीत. हल्ला आला तर एखादं पीक जाईल, पण कोठार भरलेलं असेल तर शहराला फरक पडत नाही. भरलेलं कोठार हेही संरक्षणच, तटावरच्या दोन तुकड्यांइतकं.

कॅटापल्टसमोर, म्हणजे मोठे दगड फेकणाऱ्या यंत्रांसमोर, मात्र नुसता तट टिकत नाही. ती यंत्रं लांबून मारा करतात आणि तिरंदाजांच्या टप्प्यात येत नाहीत. इथे चमत्कार राखून ठेवायचे. तटापाशी चिवटपणे लढणाऱ्या पायदळावर शक्ती खर्च करायची नाही, ते तिरंदाजांवर सोपवायचं. वीज असो की अग्निगोळा, तो कॅटापल्टसाठी. आणि पाण्याचा चमत्कार कायम हाताशी ठेवायचा, कारण घरं एकमेकांना चिकटून बांधलेल्या शहरात आग शत्रूपेक्षा वेगाने पसरते.

माशा मारायच्या की गूळ झाकायचा

बचावाचा सगळ्यात हुशार धडा मला १९९० च्या 'ॲक्टरेझर'मध्ये दिसतो. क्विन्टेटने बनवलेला, सुपर निन्टेन्डोवरचा हा जुना गेम अर्धा मारधाडीचा आणि अर्धा शहर बांधण्याचा. शहराच्या भागात एक छोटा देवदूत धनुष्य घेऊन आकाशात उडत असतो. राक्षस येतात, माणसं उचलून नेतात, घरं जाळतात. देवदूत बाण मारून त्यांना पाडतो. पण एक पाडला की दुसरा येतो, कारण नकाशावर त्यांची बिळं उघडी आहेत.

उपाय बाणांचा नाही. वस्ती कुठल्या दिशेने वाढवायची ते आपण लोकांना दाखवायचं, आणि रस्ता बिळापर्यंत पोहोचला की गावकरीच ते बीळ कायमचं बंद करतात. म्हणजे शहराची वाढ हाच बचाव. नवखा खेळाडू देवदूताला दमवतो, मुरलेला खेळाडू देवदूताकडून फक्त रस्त्याच्या टोकाशी काम करणाऱ्यांना वाचवतो आणि बाकीच्या राक्षसांकडे थोडा काणाडोळा करतो.

याच गेममध्ये एक निर्दय वाटणारी युक्ती आहे. सुरुवातीची घरं साधी असतात आणि त्यांत कमी माणसं मावतात. लोक प्रगत झाल्यावर भूकंप करून ती जुनी घरं पाडली तर त्याच जागी मोठी, चांगली घरं उभी राहतात आणि लोकसंख्या वाढते. शांत खेळाडूने आपल्याच शहरावर वापरलेला भूकंप! हिंसक अस्त्र म्हणून बाजूला ठेवलेल्या प्रत्येक शक्तीकडे एकदा या नजरेने बघावं.

शत्रू माणूसच असतो असंही नाही. २०११ च्या 'फ्रॉम डस्ट'मध्ये लढाई थेट पाण्याशी आणि लाव्ह्याशी आहे. वाळू उचलून गावाभोवती बांध घातला तर तो चटकन होतो, पण वाहतं पाणी ती वाळू हळूहळू ओढून नेतं. लाव्हा उचलून ओतला तर तो थंड होऊन खडक बनतो आणि तो खडक टिकतो. म्हणून वाळूचा बांध फक्त लाव्ह्याचा बांध पुरा होईपर्यंत. जे ज्वालामुखीतून गावाला जाळायला येतंय, त्याचाच तट. आणि एखाद्या गावकऱ्याने लांबच्या शिळेपाशी जाऊन पाणी परतवायची विद्या शिकून आणली, की त्सुनामी गावाच्या चहूबाजूंनी निघून जाते, गाव कोरडं. त्या एका माणसाची वाट सुरक्षित करणं हे कुठल्याही बांधापेक्षा मोलाचं काम.

वैभवाचा धोका

आतापर्यंतचं सगळं ऐकून वाटेल, की वाढ जितकी वेगाने होईल तितकं चांगलं. २०१३ चा 'रेऊस' हा गेम त्याला छेद देतो. नेदरलँड्समधल्या ॲबी गेम्स या छोट्या स्टुडिओचा हा गेम. चार महाकाय राक्षस एका गोल ग्रहावर चालत जंगल, दलदल, समुद्र, डोंगर घडवतात. माणसं त्यावर गावं वसवतात. आपण झाडं, प्राणी, खनिजं द्यायची, गाव भरभराटीला येतं.

पण फार झपाट्याने श्रीमंत झालेल्या गावात हाव वाढते. हाव वाढली की ते गाव शेजारच्या गावावर चालून जातं, आणि प्रसंगी ज्यांनी हे सगळं दिलं त्या महाकायांवरच उलटतं. इथे शत्रू बाहेरून येत नाही, आपणच भरवून मोठा केलेला असतो. उपाय म्हणजे वाढीचा हात जरा आखडता घेणं, गावात धाक आणि आदर निर्माण होईल अशा गोष्टी जवळपास ठेवणं, आणि एकाच गावाला सगळं न देता दोन-तीन गावांना सोबत वाढवणं. एकच गाव पुढे गेलं की त्याला शेजारी भक्ष्य दिसायला लागतात.

मला हा विचार या प्रकारातला सगळ्यात प्रौढ वाटतो. बाकीच्या गेममध्ये भरभराट म्हणजे सुरक्षितता. रेऊसमध्ये तिच्या वेगावरही लक्ष ठेवावं लागतं.

क्रीचर: पहारेकरी की गवंडी?

ब्लॅक अँड व्हाइट मालिकेतला महाकाय प्राणी, ज्याला खेळाडू क्रीचर म्हणतात, हा शांत डावातला सगळ्यात गैरवापर होणारा ऐवज. पहिल्या भागात त्याचं डोकं रिचर्ड इव्हान्स यांनी घडवलं होतं. प्राणी जे करतो त्यावर आपण त्याला कुरवाळतो किंवा चापट मारतो आणि त्यातून तो शिकतो. कुठली वस्तू खायची, कुणावर हल्ला करायचा, कुणाला मदत करायची याचे निष्कर्ष तो स्वतः काढतो.

अडचण अशी, की शिक्षा आणि शाबासकी यांत सातत्य नसेल तर निष्कर्षही भलतेच निघतात. त्याने शेतकऱ्याला उचललं म्हणून एकदा हसून कुरवाळलं आणि दुसऱ्यांदा चापट मारली, तर त्याच्या डोक्यात नेमकं काय बसेल सांगता येत नाही. शांत खेळाडूने त्याला आधी पोटभर खाऊ घालावं (तो उपाशी असला की गावकऱ्यांकडे जेवण म्हणून बघतो), मग शेतावर पाणी घालण्यासारखं एखादंच काम पक्कं शिकवावं.

आपल्या हाताची ताकद आपल्या प्रभावक्षेत्रापुरतीच चालते, क्रीचर मात्र त्याबाहेर जाऊ शकतो. म्हणून परक्या गावात जाऊन लोकांना मदत करणारा, त्यांचं मन वळवणारा प्राणी हा पाठवता येण्याजोगा चांगला दूत. दुसऱ्या भागात त्याला बांधकाम, सामान गोळा करणं, लोकांचं मनोरंजन किंवा सैनिकी अशी भूमिका नेमून देता येते. तटाचं काम चालू असताना त्याला बांधकामाला लावावं. नुसता दरवाजाशी उभा केलेला क्रीचर दिसतो भारदस्त, पण हल्ल्यांच्या मधल्या वेळात तो फुकट बसलेला असतो.

पाहुणे आल्यावर

ब्लॅक अँड व्हाइट २ मध्ये शत्रूचं पहिलं गाव आपल्याकडे निघालं, की बरेच जण आनंदाने हात वर करतात. काम खरं तर तिथून पुढे. एकदम मोठा लोंढा शहरात शिरतो. त्यांना घरं नाहीत, कोठारातलं धान्य जुन्या लोकसंख्येच्या मापाचं, शेतावर माणसं तेवढीच. थोड्याच वेळात लोक नाराज, नाराजीने छाप घसरते, आणि पुढचं गाव जे निघणारच होतं ते जागीच थांबतं.

म्हणून छापेचा आकडा त्या पातळीच्या जवळ पोहोचला की पुतळे-कारंजी थांबवायची. आधी रिकामी घरं बांधून ठेवायची, एक-दोन शेतं वाढवायची, तटाच्या आत मोकळी जागा आहे का ते बघायचं. नसेल तर तट याच वेळी पुढे सरकवायचा, नवा आधी घालून मग जुना पाडायचा. लोक आल्याबरोबर त्यातले निम्मे थेट शेतावर, थोडे जंगलात, उरलेले बांधकामावर लावायचे. पूजेला कुणालाच पाठवायचं नाही, कोठार पुन्हा भरेपर्यंत तरी. आणि दरवाजा ते आत येईपर्यंत उघडा राहणार असल्यामुळे, लोंढा दिसायला लागला की तिरंदाज आधीच तटावर चढवून ठेवायचे.